तोंडात खिळे, डोकं ठिकाणावर

मी, खुर्च्या-सोफे दुरुस्त करणारी, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळचा चहा पोटात गेल्यावर लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, पण मला ते एकदा कोर्टात सिद्ध करावे लागले आहे. हल्ली माझा धाकटा भाऊ 'ताईला आता काही कळत नाही' असे गल्लीभर सांगत हिंडतो, म्हणून पुन्हा करते. त्याचा डोळा दुकानावर आहे.

कलम एक. दुकान, वरच्या दोन खोल्या, शिवणयंत्र आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलीला. हे सर्व माझ्या कष्टाचे आहे, वडिलोपार्जित यात काहीही नाही. तिच्या वडिलांशी माझा रीतसर घटस्फोट झालेला असल्याने त्यांचा यावर हक्क नाही. त्यांना माझ्याकडून क्षमाही नाही. ती मागायला यावे लागते, आणि ते कधी आले नाहीत.

कलम दोन. कोपऱ्यातली लंगडी खुर्ची भावाला. मी घर सोडले तेव्हा नवऱ्याने दोन्हीकडून घेरले होते. फौजदारी कोर्टात खटला, की मी सासूच्या सोन्याच्या बांगड्या चोरून पळाले. कौटुंबिक न्यायालयात अर्ज, की मुलगी त्याला मिळावी. पोर तेव्हा चार वर्षांची. भाऊ या खुर्चीवर बसून म्हणाला, "ताई, गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळी हो. कशाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवतेस?" शहाणाच! ही खुर्ची मी मुद्दाम दुरुस्त केलेली नाही, त्यानेही करू नये.

कलम तीन. उंच पाठीची हिरवी खुर्ची माझ्या वकीलबाईंना, कारण माझ्यासाठी उभे राहून राहून त्यांचे गुडघे गेले. कबुलीवर सही करायला मी पेन उचलले होते, ते त्यांनी माझ्या हातातून काढून घेतले.

"अहो बाई, दंड भरून तिकडून सुटाल हो! पण तीच कबुली उद्या इकडे न्यायाधीशांपुढे ठेवतील. चोरी केली असं स्वतःच म्हणणाऱ्या आईकडे मूल कोण देईल? दोन कोर्टं वेगळी असली तरी बाई एकच आहे."

मी सही केली नाही. खटला चालला. साक्षीच्या पिंजऱ्यात सासूबाई आल्या, तेव्हा वकीलबाईंनी बांगड्यांचे नावच काढले नाही. धाकट्या दिराच्या नव्या मोटारसायकलचे कौतुक केले आणि हळूच विचारले, "कर्ज काढून घेतली असेल, नाही का?"

सासूबाईंना ते झोंबले. "कर्ज? आमच्याकडे? माझ्या बांगड्या मोडून घेतलीय गाडी!"

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसले. ती मीच होते. मी निर्दोष सुटले आणि त्या दिवशी पोरीला खांद्यावर घेऊन घरापर्यंत चालत आले.

कलम चार. चुंबकाची हातोडी आणि बारीक खिळ्यांची डबी, तीही मुलीलाच, पण वेगळी लिहिते. नवऱ्याच्या वकिलांना सगळे कोर्ट 'तोफ' म्हणे. चोरी टिकली नाही तेव्हा कौटुंबिक न्यायालयात तोफेने तोंड फिरवले: "न्यायाधीश महाराज, ही बाई दिवसभर तोंडात खिळे धरून बसते. हिच्या मनाचा तोल गेलेला आहे. अशा बाईच्या हाती लेकरू द्यायचं?"

न्यायाधीशांनी मला विचारले, खरे का? मी म्हटले, "खरंय साहेब. खिळे तोंडात असले की दोन्ही हात मोकळे राहतात. या धंद्यात सगळेच धरतात. पण पोरगी आली की आधी खिळे डबीत जातात, कारण ती आल्या आल्या पापा मागते."

मुलगी माझ्याकडे राहिली. आज ती माझ्यापेक्षा छान सोफा बांधते आणि तोंडात खिळे धरून माझ्याशी भांडते.

कलम पाच. कामावरून निवृत्त झाल्यावर तोफ स्वतःची फाटकी खुर्ची घेऊन माझ्याच दुकानात आले. मला बघून घाम फुटला त्यांना! मी खुर्ची नवीन करून दिली. भाऊ हे मृत्युपत्र मोडायला निघाला तर पहिला मुद्दा माझ्या डोक्याचाच काढणार. तेव्हा ज्यांनी तो मुद्दा सगळ्यात मोठ्या आवाजात मांडून पाहिला, तेच साक्षीदार घ्यावेत असे मी ठरवले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकीलबाई सांगतात, म्हणून त्यांना काही ठेवलेले नाही. तशी अडचण नसती तरी ठेवले नसते.

ठिकाण: माझे स्वतःचे दुकान.
दिनांक: आजचा, सोमवार, आठवड्याची सुट्टी.
मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार पहिल्या, आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई: बाईंना तपासले. प्रकृती उत्तम, जीभ त्याहून उत्तम. (सही)

साक्षीदार दुसरे, निवृत्त वकील: बाईंनी माझ्यासमोर सही केली. मी हे मृत्युपत्र त्यांच्या सांगण्यावरून मोठ्याने, उभे राहून, त्यांच्या मुलीसमोर वाचले. बाई पूर्ण स्वस्थचित्त आहेत. तेव्हाही होत्या, आणि मला ते ठाऊक होते. (सही)