पिस्टनवरची खूण

बाबा, बागेतल्या मांगरात गंजत पडलेली तुमची विलायती मोटारसायकल मी शेवटी उघडली. जुना पिस्टन माझ्यासमोर आहे आणि त्याच्या डोक्यावर नखाएवढी अर्धगोल खूण आहे. व्हॉल्व्ह आपटल्याची. ताकद वाढावी म्हणून तुम्ही इंजिनाचं हेड घासून घासून पातळ केलंत, वर व्हॉल्व्ह जास्त खोल उघडणारा रेसिंगचा कॅम बसवलात, पण व्हॉल्व्ह खाली आला की पिस्टनपासून किती लांब राहतो, हे एकदाही बघितलं नाहीत. पोरांच्या खेळातली माती पिस्टनवर थापायची, इंजिन हाताने फिरवायचं, माती किती दबली ते पाहायचं. एवढं साधं काम तुमच्याच्यानं झालं नाही.

त्या दिवशी सकाळी तुम्ही अंगणात गाडी पुसताय. शेजारून काका येतो, टाकीवर हात ठेवतो आणि म्हणतो, “दादा, काय देखणी दिसता रे गाडी!” तुम्ही मिशीत हसता आणि वैभववाडीचा घाट चढायला निघता. संध्याकाळी गाडी टेम्पोत घालून परत येते. एक बोल्टही न सोडता तुमचं निदान तयार असतं, “माज्या भावाची नजर लागली.” आई म्हणते, “अवो, आधी उघडून तरी बगा.” “माका शिकवू नको!” नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! मग देवीला कौल लावलात, घरच्याच माणसाचं काम का म्हणून. पाकळी उजवीकडे पडली, म्हणजे देवी ‘होय’ म्हणाली, आणि तुमचं समाधान झालं. विचारायचंच होतं तर हेड जास्त घासलं का, ते विचारायचं होतंत. लगेच दोन अंगणांमध्ये चिऱ्यांचा गडगा उभा राहिला. तुमच्या तेराव्यालाही काका त्याच्या पलीकडेच उभा होता. नजरेचा आळ आल्यापासून त्याने कुणाच्या आंब्याला, कुणाच्या नातवालाही देखणं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मी नवा पिस्टन घेतला, त्याच्या डोक्यावर व्हॉल्व्हपुरते खळगे पाडले, कार्बोरेटर मोठा लावला. कॅम तुमचाच ठेवला. आता ती तारकर्लीच्या रस्त्याला अशी सुटते की पर्यटक खिशातले फोन काढेपर्यंत दिसेनाशी होते. हे बघायला तुम्ही नाही, याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

काल तो जुना पिस्टन घेऊन मी मुद्दाम काकाकडे गेलो. त्याच्यावरचा आळ उतरवायचा होता आणि तुमच्या चुकीचं खापर एकदाचं तुमच्या डोक्यावर फोडायचं होतं. काकाला आता नीट दिसत नाही. त्याने पिस्टन हातात घेतला, खुणेवरून अंगठा फिरवला.

“म्हणजे माजी नजर नाय?”

“नाय काका. व्हॉल्व्ह आपटलो.”

त्याने पिस्टन मांडीवर ठेवला. डोळे पुसले. मग घाबरत घाबरत विचारलं, “पण दादाचो हात चुकलेलो नाय मां? दादाच्या हाताक तोड नव्हती रे.”

“नाय काका,” मी म्हटलं. “व्हॉल्व्हची स्प्रिंगच मूळची कमजोर होती.”

एवढी मोठी थाप मी आजवर माझ्या गॅरेजातल्या कुठल्या गिऱ्हाइकालाही मारलेली नाही. ती काकासाठी मारली, तुमच्यासाठी नव्हे, असं मी कालपासून स्वतःला बजावतोय. ते पुरतं खरं नाही. हे पत्र धाडायला तुमचा पत्ता नाही ते बरंच आहे. असता, तरी ‘ते पुरतं खरं नाही’ एवढं वाक्य खोडूनच धाडलं असतं.