मागचं डावं दार

कराड, १२ जानेवारी १९७६

नाथाजी हवालदार गाडी घेऊन गेलेच. मी नको म्हणत होतो. मागच्या डाव्या दाराचा आवाज बरोबर येत नव्हता.

त्यांची अँबॅसिडर कोरेगावला भाड्यानं फिरते. फौजेतून आल्यावर घेतलेली, पोटच्या पोरासारखी जपतात. परवा उसाच्या बैलगाडीची धडक बसली. मी पत्रा ठोकून सरळ केला, दार परत बसवलं, रंग मारला. बघणाऱ्याला काही कळणार नाही. पण लावलं की 'खण्ण' करतं. चांगलं दार 'धप' वाजतं — भरल्या पोत्यावर थाप मारावी तसं.

हवालदार म्हणाले, "लागतंय न्हवं? मग आवाजाचं काय घिऊन बसलास गड्या?"

शुक्रवारी आटपाडीला जाणार आहेत, लेकीला बाळंतपणाला आणायला. मनूबाईला नववा लागलाय. एस.टी.चे धक्के नकोत म्हणून घाई.

१३ जानेवारी

जेवताना हात थांबला. बायको म्हणाली, "आवं, भाकरी निवली. दार गेलं कोरेगावला, तुमी तरी हितं बसा."

अख्तरबीचं बरोबर आहे. पण कानातून जात नाही.

१४ जानेवारी

आज एका जीपचा मडगार्ड केला. दोनदा चुकला.

१५ जानेवारी

कळलं! भंगारातलं अँबॅसिडरचं दार शेडमध्ये उभं केलं आणि खटका बोटानं हळूहळू दाबून बघितला. एकदा टक. आणखी दाबला की पुन्हा टक. पहिल्या टप्प्यावर दार नुसतं अडकतं, दुसऱ्यावर घट्ट बसतं. आपण जोरानं लावतो म्हणून ते एकच ऐकू येतं.

हवालदारांचं दार पहिल्यावरच थांबतंय. खटका जिच्यात अडकतो ती, दाराशेजारच्या खांबावर पेचांनी बसवलेली खाच मी ठोकताना सरकली असणार. वरून लागलेलं दिसतं, आतून भार आला की सुटणार. आणि त्या दाराला टेकून कोण बसणार? अवघडलेली पोर!

कोरेगावला फोन लावायला स्टँडसमोरच्या दुकानात गेलो. लाइनच मिळाली नाही. उद्या पहिल्या गाडीनं आटपाडी.

१७ जानेवारी

काल आल्यावर लिहायला बसलो नाही. मनच नव्हतं.

विट्याला एस.टी. बदलली. समोरून पांढरी गाडी दिसली की उठून बघत होतो. शेजारचा म्हातारा म्हणाला, "कुणाला हुडकताय?" काय सांगू — दाराला?

पोचलो तर गाडी व्याह्यांच्या अंगणात उभी, ट्रंक चढवलेली. मनूबाई हळदीकुंकू घेत होती. मला बघून हवालदार चपापले. मी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं. ऐकेनात. त्यांनीच सगळ्यांसमोर दार लावलं, बाहेरून ओढून दाखवलं. "बघ. लागलं का न्हाई?"

मी आत बसलो, दार लावून घेतलं आणि खांद्यानं रेटा दिला. दार उघडलं. मी अंगणात धुळीत.

पोरंबाळं हसली. मनूबाईची सासू धोंडुबाई हसली नाही. "असल्या गाडीतनं पोरीला न्हेणार व्हता व्हय? आता मी बी येणार संगं."

खाच सैल केली, आत सरकवली, पेच पिळले. लावून बघितलं. पुन्हा सैल केली. मग आला आवाज — धप. पुन्हा आत बसून रेटलं, लाथही मारली. हललं नाही.

हवालदारांनी माझ्याकडं बघितलंच नाही. बेल्ट ओढत एवढंच म्हणाले, "व्याह्याच्या दारात शोभा केलीस माझी. परत गाडी तुझ्याकडं आणायचा न्हाई." चूक माझीच होती. धोंडुबाईंनी चहाला थांब म्हटलं. थांबलो नाही.

१८ जानेवारी

पेच नीट पिळले ना? हो. लाथ मारून बघितली की. तरी झोप लागत नाही.

२० जानेवारी

शेजारचा टायरवाला जाफर काल कोरेगावला गेला होता. म्हणाला, "हवालदाराची गाडी स्टँडावर न्हाई. दारात उबी हाय, ताडपत्री टाकून. कुणाला भाडं देत न्हाईत."

का? विचारलंस का? त्यानं विचारलं नव्हतं.

भाड्याच्या दिवसांत नाथाजी हवालदार गाडी झाकून ठेवत नाहीत. वाटेत काहीतरी झालं. उद्या जाऊन बघावं, तर कुठल्या तोंडानं जाऊ?

२१ जानेवारी

स्टँडपर्यंत गेलो. कोरेगावची गाडी लागली होती. परत आलो.

२२ जानेवारी

हवालदार आले. गाडी शेडसमोर लावली, उतरले, बाकड्यावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सांगू लागले.

म्हसवडच्या पुढं, माळावर, मनूबाई गाडीतच बाळंत झाली. धोंडुबाई होत्या म्हणून निभावलं. मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत. त्यानंतर गाडी भाड्याला काढायला मनच झालं नाही म्हणाले, म्हणून ताडपत्री.

"कळा देताना पोरीनं दोनी पाय त्या दाराला लावलं व्हतं, नियाज."

मी उठून ते दार एकदा उघडलं, लावलं. धप.