झाडूवाली आजी आणि एकवीस पट्ट्यांची शिल्लक

आदरणीय वन्संना,

पाया पडते. (गुडघ्यामुळे मनातल्या मनात, पण पूर्ण वाकून.) तुमचा खांदा कसा आहे? शेक देणं मध्येच सोडू नका, तुम्हाला बरं वाटायला लागलं की औषध बंद करायची खोड आहे. आम्ही सगळे देवाच्या कृपेने ठीक. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही आणि हा विषय पुरा ऐकल्याशिवाय तुमचा गैरसमज होईल. पुरा ऐकूनही होईल, पण निदान माझ्या शब्दांत होईल.

आधी आमच्याकडे काय आलं आणि कितीला पडलं ते सांगते, नाहीतर दुसरं कोणी आकडा फुगवून सांगेल. टीव्हीला लावून मारामारीचे खेळ खेळायचं यंत्र एक, जुनं, दोन महिन्यांच्या दुधाच्या किमतीत. हातात धरायचे बटणांचे कंट्रोलर दोन : एक नवा, पाच आठवड्यांच्या भाजीला पडला, दुसरा यंत्राबरोबर फुकट, म्हणून त्याचं एक बटण दाबलं की आत जातं आणि स्वतःच्या मर्जीने बाहेर येतं. वायर एक, ठीक. हे सगळं मी घेतलं. हो, मी. थोडं पाणी प्या आणि मग पुढे वाचा.

तुमचा भाचा लग्नानंतर चार महिन्यांनी जहाजावर गेला, हे तुम्हाला माहीत आहेच. मागे राहिलो आम्ही तिघं : हे, मी आणि सूनबाई. मुलगी गुणी आहे. इथल्या कारखान्यात दातांच्या कवळ्या घडवते, वेळेवर येते, ताट धुऊन ठेवते, वाटीचासुद्धा आवाज करत नाही. तक्रार करायला जागाच नाही, आणि तीच माझी तक्रार होती. आठ महिन्यांत तिने मला एकदाही हाक मारली नाही. आई नाही, सासूबाई नाही, अहोसुद्धा नाही. काही हवं असलं की स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हळूच खोकायची. पहिले दोन महिने मी तिला काढे दिले, आणि बिचारीने ते मुकाट्याने प्यायले. मग तिच्या माहेरगावच्या जुन्या मालकाचं पत्र आलं, की मुख्य कारागिराची जागा रिकामी होते आहे, परत ये, पुढच्या महिनाअखेरीपर्यंत कळव. (मी दुसऱ्याची पत्रं वाचत नाही. मी टेबल पुसत होते आणि त्यांचं अक्षर मोठं होतं.) नवरा समुद्रावर, आई माहेरी, काम वरच्या जागेचं, जाते म्हणाली असती तर मी कुठल्या तोंडाने नको म्हणणार होते? पण वन्सं, तुमच्याजवळ खोटं बोलत नाही, मला त्या खोकल्याची सवय झाली होती.

दर रविवारी दुपारी ती छत्री घेऊन जायची आणि संध्याकाळी परत यायची. कुठे, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. एका रविवारी छत्री विसरली, आभाळ तर भरून आलेलं, म्हणून मी छत्री घेऊन मागोमाग गेले. (आभाळ तितकंसं भरलं नव्हतं.) सायकलदुरुस्तीच्या दुकानावर एक लांबट खोली आहे, तिथे चार पडदे, बाराएक खुर्च्या, आणि त्यांवर चांगली कर्ती माणसं : एक शिंपी, बँकेतली रोखपाल बाई, रुग्णवाहिकेचा चालक, सगळे अंगठे चालवत पडद्यावरच्या माणसांना बडवत होते. आणि त्यांच्या मधोमध आपली सूनबाई ओरडत होती! वाटी न वाजवणारी मुलगी त्या शिंप्याला म्हणत होती, "उसवला की नाही तुला? आता शिव!" आणि खदाखदा हसत होती. मी ते हसणं पहिल्यांदा ऐकलं. दारातच थबकले.

तेवढ्यात रोखपाल बाईने तिला विचारलं, "पुढच्या महिन्यात जोड्यांची स्पर्धा आहे, नाव नाही दिलंस? जिंकणाऱ्यांना वर्षभर गावच्या संघात जागा आहे." सूनबाई म्हणाली, "एकाच घरची जोडी हवी ना. माझ्या घरचं इथे कोण आहे?" कुत्सितपणे नाही हो, अगदी साधेपणाने म्हणाली, म्हणून जास्त लागलं. माझ्या हातात तिची छत्री होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी आहे की." खोलीतले सगळे अंगठे थांबले. सूनबाई वळली आणि सवयीने खोकली.

म्हणून ते यंत्र. सराव घरी नको का?

आता हा खेळ काय आहे ते सांगते, फार कठीण नाही. पडद्यावर दोघं समोरासमोर उभे राहतात. वर दोघांच्या जिवाची रेघ असते, मार बसला की घटते. ठरलेल्या वेळात समोरच्याला आडवं करायचं, नाहीतर वेळ संपल्यावर ज्याचा जीव जास्त उरला तो जिंकला. लढवय्ये एकूण एकतीस, त्यांतला आपला एक निवडायचा. आणि कोण किती चांगला याची एक क्रमवारी खोलीच्या दाराला चिकटवलेली असते. ती गल्लीतल्या चष्म्यांच्या दुकानाचे मालक, आपले चष्मेवाले, करतात. मोठा सभ्य माणूस, दर महिन्याच्या एक तारखेला यादी सुधारून लावतात आणि मग आठवडाभर लोक त्यांच्याशी बोलत नाहीत. मी एकतिसाव्या नंबरची झाडूवाली आजी निवडली. एकतर बाकीच्या बायका पुरेशा कपड्यांत नव्हत्या. दुसरं म्हणजे शेवटच्या नंबरच्या माणसाचं दुःख मला कळतं. (मी तुमच्या घरी आले तेव्हा सुनांची अशीच एक यादी झाली होती. ती कोणी केली होती ते मी विसरले आहे.) चष्मेवाले कळवळून म्हणाले, "काकू, ही खालून पहिली आहे हो. हिला झाडू मारण्यापलीकडे काही येत नाही." मी म्हटलं, "मलाही तेवढंच येतं."

आता मुख्य गोष्ट. जिवाच्या रेघेखाली एक बारीक पट्टी असते. मार खाल्ला, मार दिला, नुसता अडवला तरी ती थोडी थोडी भरते. अशा तीन पट्ट्या भरल्या की एकदम सोडून महाभयंकर तडाखा देता येतो. माझ्या आजीचा झाडू म्हणे तेव्हा वादळ उठवतो. सूनबाई पहिल्या दिवसापासून मागे लागली, पट्टी भरली, सोडा, सोडा! मी म्हणे, असू दे, अडीअडचणीला होईल. हातात आलेलं लगेच उधळायचं ही सवय मला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही दिलेली साडी मी अजून नेसलेली नाही. शिवाय माझी अशी समजूत, की न वापरलेल्या पट्ट्या माझ्या नावावर कुठेतरी जमा होत असणार. यंत्र एवढं हुशार, हिशेब ठेवत असेलच. मी माझ्या वहीत नोंद ठेवली. मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. तीन आठवडे मी नुसता मार अडवायला, खाली वाकून झाडू फिरवायला आणि पट्ट्या साठवायला शिकले. ह्यांनी एकदा वर्तमानपत्रावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "पडद्यावर आणि इकडे काही फरक नाही." मी उत्तर दिलं नाही, कारण त्या क्षणी मी अडवत होते.

स्पर्धेचा दिवस उजाडला. नियम असा, की जोडीतल्या एकाने आधी बसायचं. तो हरला की जोडीदार बसतो. दोघंही हरले की जोडी बाद. सूनबाई आधी बसे, ती हरली की मी. आणि काय सांगू वन्सं, मी जिंकत गेले! माझ्या तिन्ही पट्ट्या तुडुंब भरलेल्या दिसायच्या आणि समोरचा घाबरून जवळच येईना. आता सोडतील, मग सोडतील, म्हणून शिंपी पूर्ण वेळ पडद्याच्या कोपऱ्यात उड्या मारत राहिला. मी दोनदा झाडू लावला, वेळ संपली, जिंकले. रुग्णवाहिकेच्या चालकाचंही तेच झालं. मी मनात नाम घेत होते, ओठ हलत होते, तर लोकांत कुजबुज झाली की काकू क्षण मोजतात. मार बसला की मी प्रत्येकाला "लागलं का?" विचारायचे, त्याचाही त्यांनी धसका घेतला. सूनबाई आता पट्टी सोडा म्हणेना. तिला कळलं होतं की माझं न सोडणं हाच माझा तडाखा आहे. ती हसून माझ्या पाठीवर थाप मारायची, आणि प्रत्येक थापेबरोबर मला ते मालकाचं पत्र दिसायचं. जिंकलो तर वर्षभर गावच्या संघात जागा, म्हणजे वर्षभर मुक्काम. त्यापलीकडे मी देवाकडे काही मागितलं नाही. (समोरच्याला फार लागू नये, एवढं मागितलं.)

अंतिम सामन्याआधी चहाची सुट्टी झाली. समोर चष्मेवाले आणि त्यांची बहीण, शाळेतल्या शिवणाच्या बाई, अशी जोडी होती. चष्मेवाले कप घेऊन माझ्या शेजारी बसले आणि अदबीने म्हणाले, "काकू, एक विचारू? तुम्ही पट्टी नेमकी कधी सोडता?" आता एवढ्या आदराने माणूस विचारतो म्हटल्यावर मी काय लपवणार? मी पिशवीतून वही काढली आणि पान उघडून दाखवलं : आजची शिल्लक, पट्ट्या एकवीस. म्हटलं, अजून एकही मोडलेली नाही. त्यांनी पान वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "धन्य आहात," म्हणाले, आणि कप तसाच ठेवून उठले. मला बरं वाटलं, की एका जाणकाराला माझ्या शिस्तीची कदर आहे.

सूनबाईने शिवणाच्या बाईंना हरवलं आणि मग चष्मेवाल्यांकडून ती हरली. उरलो ते आणि मी. तीन डावांत दोन जिंकायचे. घंटा वाजली आणि हा सभ्य गृहस्थ तरातरा थेट माझ्या आजीच्या अंगावर आला हो! भीती नाही, संकोच नाही. पहिला डाव मी डोळा लवायच्या आत हरले. मागून सूनबाई म्हणाली, "ह्यांना कळलं कसं?" मी कंट्रोलर पदराला पुसला. दुसऱ्या डावात मात्र ते इतक्या जवळ आले की माझ्या झाडूला फिरायला कष्टच पडले नाहीत; ते चालत येत आणि पडत, उठत आणि पडत. तो डाव मी घेतला. तिसऱ्यात दोघांच्या जिवाच्या रेघा जवळजवळ सारख्या, त्यांची केसभर जास्त, सात सेकंद बाकी, ते अगदी समोर आणि माझ्या तिन्ही पट्ट्या काठोकाठ. आणि मागून ओरडण्याचा आवाज आला :

"आई, खर्च करा! सगळं खर्च करा!"

वन्सं, मी बटणं दाबली. सगळी दाबली. पण दाबता दाबता मी मागे वळून पाहिलं, की कोणाची आई आली. मागे सूनबाईशिवाय कोणी नव्हतं. तोवर माझ्या आजीने चष्मेवाल्यांकडे पाठ करून झाडू फिरवला होता. वादळ उठलं, खरंच सुरेख उठलं, रिकाम्या बाजूला. पडद्यावरचं एक झाड उन्मळून पडलं. चष्मेवाल्यांनी मागून येऊन आजीला एक टपली मारली आणि सामना संपला.

मी खुर्चीतून उठेना. म्हटलं, ठीक आहे, तीन गेल्या तर गेल्या, उरलेल्या अठरांतून पुन्हा खेळू. तेव्हा मला सांगण्यात आलं की सामना संपला की पट्ट्या बुडतात, कुठेही जमा होत नाहीत. एकही नाही. मी वही उघडून दाखवली, सगळ्यांनी ती हातोहाती पाहिली, आणि सूनबाई हसता हसता जमिनीवरच बसली. डोळे पुसत म्हणाली, "आई, तुम्ही ह्यांना वही दाखवलीत? आई, खरंच?" दोन वाक्यांत दोनदा. मग मीही तिच्याशेजारी बसले. (गुडघ्यामुळे आम्हाला उठवायला शिंपी आणि चालक लागले.) चष्मेवाल्यांनी माझी क्षमा मागितली आणि माझ्यादेखत यादी सुधारून आजीला एकतिसाव्या नंबरवरून अठ्ठाविसाव्यावर नेलं. रोखपाल बाई त्यावरून अजून त्यांच्याशी बोलत नाही.

तर असं झालं. दुसरे आलो, बक्षीस म्हणून एक पाण्याची बाटली मिळाली, झाकण चांगलं बसतं. आता ह्या वयात पुन्हा असले उद्योग नकोत. मी कंट्रोलर पुसून कपाटात ठेवले आहेत. तुमच्याकडे काहीही मागणं नाही, सहज खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. तब्येतीला जपा.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. कंट्रोलर कपाटातून काढले आहेत. पुढच्या महिन्यात एका घरातल्या तीन बायकांची स्पर्धा आहे आणि तिच्यातूनही गावच्या संघात जागा मिळते. सूनबाईची आई येऊ शकेल, पण ती आली तर जाताना मुलीला घेऊन जाईल.

ता. क. दुसरा. तिसरं नाव तुमचं दिलं आहे. प्रवेशाचे पैसे परत मिळत नाहीत. चष्मेवाल्यांनी विचारलं, नणंद घरची कशी? मी म्हटलं, माझ्याही आधीपासून ती या घरची आहे. तुमच्यासाठी चौथ्या नंबरचा कुस्तीगीर पाहून ठेवला आहे. तो समोरच्याला धरतो आणि बोलूच देत नाही. मी दोन दिवसांत शिकवीन. खांदा लागत नाही, फक्त अंगठे.

ता. क. तिसरा. येता की नाही, तेवढंच उलट टपाली कळवा. "विचार करून सांगते" असं मात्र लिहू नका. सूनबाईने जुन्या मालकाला तेच लिहिलं आहे, आणि ती तुमच्या पत्राची वाट पाहते आहे.