बंद बाटली चालंल

३ मे १९९५
तिसरं स्थळ गेलं! पळसदेवचे पाहुणे. "मुलगी चांगली हाय, पण बारवाल्याची हाय." त्यांचा थोरला दर शनिवारी आमच्याच परमिट रूमला बसतो, ते कोण सांगणार? गिऱ्हाईक अब्रूदार, दुकानदार तेवढा वाईट!
आई रडली. दादा, माझे वडील, बारा वर्षं इंदापुरात दारू विकतात, पण स्वतः थेंब घेत नाहीत. "हलवाई आपली मिठाई खातो व्हय?" त्यांच्या त्या एका वाक्यावर मी गावात मान वर करून चालते.

७ मे
स्वयंपाकघराच्या खिडकीतून परमिट रूमचं मागचं अंगण दिसतं. अब्रूदार मंडळी तिथं बसतात. ग्लास नको, लोक बघतील — म्हणून थम्सअपची बाटली! आधी गळ्याखाली दोन बोटं पितात, जागा करायला. थांबतात. इकडंतिकडं बघतात. रम ओततात, तोंडावर अंगठा, बाटली एकदा उलटी — झालं कोल्ड्रिंक! हा विषय बी.ए.ला असता तर पहिला वर्ग नक्की होता.

१२ मे
लोणी भापकरचे सर्जेराव आले, मुलाला घेऊन. गळ्यात तुळशीची माळ. उंबऱ्यातच सुनावलं, "चहा नको. बारवाल्याच्या घरचं आमी काय घेत न्हाय." मग घाम पुसत, "बंद बाटली आसंल तर चालंल." वा! झाकण शाबूत तर धर्म शाबूत!
मी थम्सअप दिलं. मुलानं — मल्हार नाव — गटागटा संपवलं, ढेकर दिली आणि कानापर्यंत लाल झाला. आवडला मला. खरंच आवडला. हेही स्थळ गेलं तर मात्र मी रडणार.
सर्जेराव गळ्याखाली दोन बोटं प्याले. थांबले. अंगठा आपसूक बाटलीच्या तोंडावर! डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं.
मी अगदी मर्यादेनं विचारलं, "मामा, अजून काय घालू का त्यात?"
असा ठसका लागला! आई पाणी घेऊन धावली. बारवाल्याच्या घरचं पाणी मुकाट प्याले.

१३ मे
निरोप — "पोरगी लई समजूतदार हाय. पसंत हाय."
असणारच!

२१ मे
सुपारी फुटली. पाहुणे गेले. दादा ओट्यावर टेकले, डोळे भरलेले. "बापामुळं तुझं अडलं न्हाय, बरं झालं," म्हणाले. मला भरून आलं. थम्सअपची थंड बाटली उघडून हातात दिली.
दोन बोटं प्याले. थांबले. अंगठा तोंडावर. मग दाराकडं बघितलं.
दारात मी होते.