मुदतीआधी मोडलेली ठेव

अण्णा, काल पेन्शनसाठी बँकेत गेले होते. आष्टीच्या आपल्या बाजारगल्लीत बँक-पतसंस्थांच्या तीन पाट्या होत्या, आता एकच उरलीय. मी जन्मभर कारकुनी केली त्या बँकेची. माझ्यापुढं एक म्हातारी, ठेवीला व्याज इतकं कमी काहून म्हणून विचारत होती. माझ्याच जुन्या जागेवर बसलेला तो मेला मान वर न करता म्हणाला, "परवडत नसंल तर दुसरीकडं ठेवा." दुसरीकडं कुठं, अण्णा? दुसरीकडं म्हणजे तुम्ही मॅनेजर होतात ती पतसंस्था होती.

तिघं होते तेव्हा काय थाट होता गिऱ्हाइकाचा! ऊसतोडीवरून आलेल्या बाईलाही आमचे साहेब खुर्ची द्यायचे, कारण समोर तुम्ही चहा पाजायचात. कोपऱ्यावरच्या तिसऱ्या पाटीवाले तर अव्वाच्या सव्वा व्याज देत होते. मग लागोपाठ दुष्काळ पडला, त्यांची कर्जं बुडाली आणि एका सोमवारी त्यांच्या दाराला कुलूप दिसलं. तुम्ही जेवता जेवता म्हणालात, आपण कर्ज जपून वाटलंय, आपल्याला धक्का न्हाई.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मीटिंगला बीडला गेलात आणि मी तुमच्याकडची माझी ठेव मोडली. पैशांची पिशवी घेऊन भर बाजारात गल्ली ओलांडून आमच्या बँकेत आले. अक्कल गहाण ठेवली होती मी. मॅनेजरची पोरगीच पैसे काढतीय म्हटल्यावर कोण थांबतंय? बुधवारी तुमच्या दारात रांग लागली. तुम्ही दोन्ही दारं सताड उघडी ठेवलीत, टँकरचं विकतचं पाणी रांगेला पाजलंत, आणि तिजोरीत होतं तोवर देत राहिलात. शुक्रवारी संस्था बसली. पुढं कित्येक वर्षं सायकलवर गावोगाव वसुली करून तुम्ही लोकांच्या ठेवी फेडल्यात.

माझी मोडलेली पावती तुमच्याच टेबलावर आली असणार. तुम्ही एकदाच बोललात, तेही माझ्या पाठीवर हात ठेवून. "बँकेच्या ठेवींच्या टार्गेटपायी केलंस पोरी, मला ठाव हाय. नोकरी हाय तुझी." गावालाही तेच सांगत राहिलात. मी होय म्हणून मान हलवली, आणि तुम्ही जाईपर्यंत हलवतच राहिले.

तुम्ही वाचणार न्हाई, म्हणून तर लिहायचं धाडस झालं. टार्गेट माझं आदल्या आठवड्यातच पुरं झालं होतं, अण्णा. त्या दिवशी मी घाबरले होते. तुमच्यावर माझा भरवसा राहिला नव्हता.