दही लागतंय तोवर

२२ सप्टेंबर १९८५, रविवार

हीट चालू करायची नाही! अजिबात नाही! शैलेंद्र सकाळपासून हात चोळत थर्मोस्टॅटभोवती घिरट्या घालतोय. "मालिनी, बासष्ट फॅरनहाइटवर आलंय घरात, म्हणजे आपले सतरासुद्धा नाहीत." आलं तर आलं. स्वेटर कशाला घेतलेत?

सात वर्षं त्या अपार्टमेंटमध्ये काढली. हीट कधी लावायची ते घरमालक ठरवणार, आपण नुसतं रेडिएटरला हात लावून बघायचं. जूनमध्ये हे घर घेतलं. आता घर माझं, थर्मोस्टॅट माझा. कधी फिरवायचा तेही मीच ठरवणार.

२५ सप्टेंबर, बुधवार

ठरलं! रात्री ओट्यावर ठेवलेलं विरजण ज्या दिवशी सकाळपर्यंत लागणार नाही, त्या दिवशी हीट. त्याआधी नाही. नागपूर असो की शिकागो, दही खोटं बोलत नाही. माणसं बोलतात. शैलेंद्रला ऑगस्टातही थंडी वाजते. आणि सासूबाईंना जानेवारीत विचारलं तरी म्हणतील, "मले काय होते? बरं आहे."

आईंना ही अट कळू द्यायची नाही, असं शैलेंद्रला बजावलंय. विरजण त्याच लावतात. लेक कुडकुडतोय म्हटल्यावर मुद्दाम बिघडवतील!

२ ऑक्टोबर, बुधवार

दही लागलं. हीट नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

आईंच्या परतीच्या तिकिटावर नऊ नोव्हेंबर आहे. मी विसरून गेले होते. त्या नाही विसरल्या! आज बॅग काढून पुसून ठेवली.

बाबा मागच्या वर्षी गेले. नागपूरच्या घरात आता एकट्या काय करणार? ग्रीन कार्ड हातात आहे, इथे स्वतंत्र खोली आहे. मी सरळ म्हटलं, "आई, राहा ना इथेच." तर म्हणतात, "राहून करू काय? भांडे मशीन धुते, कपडे मशीन धुते." तीस वर्षं नागपूरच्या मेयो हॉस्पिटलात आयाचं काम केलेली बाई, रिकामं बसणं माहीतच नाही. फ्रिज उघडायचा तरी मला विचारतात. पण राहतील. मला खात्री आहे. माणसं माझं ऐकतात, उशिरा का होईना.

१३ ऑक्टोबर, रविवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन खरा उद्या, पण उद्या बहुतेकांना ऑफिस. म्हणून बुद्धवंदना आजच केली, आमच्याकडे. नवीन घरात पहिलीच. पंधरा-सोळा माणसं. आईंनी त्रिशरण सांगितलं, काय खणखणीत आवाज!

आमचे मित्र नंदू आणि रेखा, त्यांची मुलगी जेवताना विचारते, "मॉम, कॅन आय कीप माय जॅकेट ऑन?" रेखा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "अगं, फर्नेस बिघडलाय का तुमचा? आमचा रिपेअरवाला चांगला आहे." मी म्हटलं, सगळं ठणठणीत आहे. वेळ आली की लावू.

दह्याची मात्र सगळ्यांनी तारीफ केली. सुरीने कापावं इतकं घट्ट. "काकू, डेव्हनवरच्या देशी दुकानांतसुद्धा असं मिळत नाही!" असं नंदू तीनदा म्हणाला. आईंचा चेहरा खुलला. आल्यापासून इतक्या खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

घरात छप्पन्न! तरी दही लागलं. मलाही जरा नवल वाटलं, पण नियम म्हणजे नियम. शैलेंद्र कानटोपी घालून जेवला. नाटकी माणूस.

२० ऑक्टोबर, रविवार

पहाटे साडेपाचला जाग आली. चहा करावा म्हणून खाली गेले तर आई ओव्हनपुढे जमिनीवर बसलेल्या. दोन शाली, पायांत शैलेंद्रचे मोजे. ओव्हनचं दार उघडं, आणि त्या आतून दह्याचं पातेलं काढत होत्या!

ओव्हनच्या पोटात एक बारीक पायलट ज्योत सदा जळत असते. मी तिथे नुसते तवे-कढया कोंबते. एकदा तवा काढताना आईंच्या हाताला ऊब लागली. तेव्हापासून रोज, आम्ही झोपल्यावर पातेलं ओव्हनमध्ये आणि आम्ही उठायच्या आत परत ओट्यावर!

"आई, हे कधीपासून?"

"दोन दिवस लागलंच नाही नं. नुसतं पाणी. ते मी पिऊन टाकलं, न् आदल्या दिवशीचं दही ठेवलं ओट्यावर."

"पण मला सांगायचं ना!"

"काय सांगू? या घरात एक दही तेवढं माझ्या हातचं. तेही जमत नसलं तर मी काहून बसली इथं?"

महिनाभर मी दह्याला विचारत होते. समोर बसलेल्या बाईला नाही विचारलं. त्यांचे हात हातात घेतले तर बर्फ! मला माझी लाज वाटली, आणि मी तिथेच त्यांच्याशेजारी बसून रडले. मग आमची दह्याची अट सांगितली. त्यांनी कपाळावर हात मारला.

हीट लावली. जाळीतून जळक्या धुळीचा वास, मग ऊब. आई म्हणाल्या, "माझ्यासाठी काहून जाळता? मी चार दिवसांची पाहुणी."

त्या 'पाहुणी'ने माझं डोकंच फिरलं. त्यांना थर्मोस्टॅटसमोर उभं केलं. काटा कसा फिरवायचा ते दाखवलं आणि हीट परत बंद करून टाकली. म्हटलं, "आजपासून हा तुमचा. आम्ही दोघं हात लावणार नाही. घर गारठलं तर गारठू दे." मी रडतानाही हट्टी आहे!

२२ ऑक्टोबर, मंगळवार

चोपन्न. आईंनी हात लावला नाही. नुसत्या काट्याकडे बघून जातात.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

बावन्न. शैलेंद्र शिंकतोय. म्हणतो, "तू आणि आई, दोघींच्या मध्ये मी फुकट मरणार यार." रात्री मी गुपचूप काटा फिरवणार होते, पण नाही फिरवला. मी फिरवला तर त्या नऊ तारखेला जाणार, हे मला पक्कं कळतंय.

२६ ऑक्टोबर, शनिवार

बाजार घेऊन आलो तर घर उबदार! काटा चौसष्टवर. संध्याकाळी जाता जाता हळूच अडुसष्ट केला, तर स्वयंपाकघरातून आवाज, "कोणी हात लावला? मालिनी! तूच म्हटलं होतं नं, हात नाही लावणार? माझ्या घरात अशी उधळमाधळ चालणार नाही!"

तिकिटाचं मी विचारलंच नाही. काटा मुकाट्याने चौसष्टवर आणला आणि स्वेटर आणायला वर गेले.