डाव्या चाकाखालचा आवाज

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा सुरू. अंबाडी नाका ओलांडला आणि गाडीखालून खडखड. डब्यात सुपाऱ्या घालून कुणी हलवावं तशी. शेजारी शबाना, माझ्याच शाळेतली शिक्षिका. सातवा महिना लागलाय, म्हणून बसऐवजी आता माझ्यासोबतच येते-जाते. म्हणाली, "ताई, खालून काही पडलं का?" उतरून वाकून पाहिलं. काहीच लोंबत नाही, गळत नाही. चांगल्या रस्त्यावर आवाज गायब. खड्डे आले की हजर. आणि आमच्या रस्त्यावर पावसाळ्यानंतर खड्डेच जास्त.

दुसरी घटक चाचणी कधी घ्यायची त्यावर मीटिंग. लक्ष नव्हतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी पूर्ण रिकामी केली. स्टेपनी, जॅक, दोन छत्र्या, शाळेच्या खेळांच्या रिंगा, सीटखाली गेल्या वर्षीचं तिळगुळाचं पाकीट. सगळं घरात आणून ठेवलं. बाबा खुर्चीवरून बघत होते. काय चाललंय म्हणून विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्यांना काही सांगायचं म्हणजे ओरडावं लागतं.

रिकाम्या गाडीतही आवाज येतोच आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शाळेतून थेट इक्बालभाईंच्या गॅरेजला. सायलेन्सरवरचा पत्रा गंजून सुटला होता. बोटाने हलवून दाखवला, तोच खडखडाट. क्लॅम्प लावून आवळला. मला शेजारी बसवून स्वतः एक फेरी मारून आले. शांत! "मॅडम, आता बिनधास्त जा." इतकं हलकं वाटलं की त्यांचे तीनदा आभार मानले.

घरी आले तर दार आतून बंद. दहा मिनिटं बेल वाजवली. बाबांना ऐकू गेलं नाही. कानाचं मशीन कपाटात. लावलं की डोकं भणभणतं म्हणतात. शेवटी खिडकीतून हात घालून पडदा हलवला. दार उघडल्यावर मी नको ते बोलले. त्यांना शब्द कळले नसतील, पण तोंड दिसलंच ना माझं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

परत आला. तसाच नाही. आधीचा पत्र्याचा होता, हा जड. ठक्. मग काही नाही. मग ठक्.

शबानाला तो ऐकू येत नाही. "ताई, तुम्ही शोधताय म्हणून येतोय तो." असेलही. पण खड्डा आला की तिचा हात पोटावर जातो, आणि माझं लक्ष त्या हाताकडे.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळची शाळा. दुपारी पुन्हा गॅरेज. इक्बालभाईंनी गाडी जॅकवर घेतली, चारही चाकं धरून हलवली. काही ढिलं नाही. मान हलवली. "जुनी गाडी आहे मॅडम. थोडी बोलणारच." कंटाळून नाही, समजावून बोलले. तरी ओशाळल्यासारखं झालं. बाईमाणसाला गाडीतलं काय कळतं, असं ते म्हणाले नाहीत, मीच मनात म्हणून घेतलं.

बाबांचे गुडघे आखडलेत. उद्या वज्रेश्वरीला गरम पाण्याच्या कुंडावर नेते. गुरुवारचं मनात आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

आजचं सगळं लिहून ठेवायचं आहे.

साडेसातला निघालो. बाबा पुढे बसले. फेब्रुवारीत आई गेली, तेव्हा त्यांना कोन गावाहून इथे भिवंडीत माझ्याकडे आणलं. तेव्हापासून त्यांच्याशी माझं बोलणं म्हणजे गोळी घेतली का, जेवलात का, पंखा बंद करा. चाळीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर होते, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. कान त्या कारखान्यातच गेले. त्यांना आवाज ऐकू येईल असं माझ्या मनातही आलं नाही.

अंबाडीच्या अलीकडे त्यांनी चप्पल काढली. मला वाटलं, पाय दुखतोय. तळवा खालच्या पत्र्यावर सपाट टेकवून बसले. दोन खड्डे गेले. तिसऱ्याला म्हणाले,

"थांबव."

थांबवली.

"आता हळू चालव. त्याच खड्ड्यातून."

मागे घेऊन पुन्हा नेली. डोळे मिटलेले. मग म्हणाले, "ठोका हाय. डाव्या पुढच्या चाकाला. गाडी फिरव."

मी ओरडून सांगितलं, "बाबा, मेकॅनिकने बघितलंय! काही नाही म्हणाला!"

"मग त्याला बरोबर दिसलं न्हाय. वज्रेश्वरीचं पाणी कुठं जात न्हाय. फिरव. आन् वीसच्या वर न्हेऊ नको."

वीसने भिवंडीपर्यंत आले. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते, शिव्या देत होते. बाबांना ऐकू येत नव्हतं, ते बरं.

इक्बालभाईंचं गॅरेज रविवारी उघडं असतं. मला बघून हसले, पण बाबांना बघून उभे राहिले. जॅक आणायला निघाले तर बाबांनी हात आडवा केला. "उचलू नको. चाकावरच राहू दे. वजन पडल्याबिगर कळायचं न्हाय." मग गुडघे दुखत असताना खाली बसले आणि डाव्या चाकाच्या मागून हात आत घातला. इक्बालभाईंनी गाडी वरून दाबून दाबून हलवायची.

"इथं."

इक्बालभाईंनी तिथे हात लावला. "कुछ नहीं चाचा."

बाबांनी त्यांचा हात धरून दोन बोटं पुढे सरकवला. "आता."

इक्बालभाई आडवे होऊन गाडीखाली गेले, टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, लावून जोर दिला. खाडकन काहीतरी सरकलं. खालूनच आवाज आला, "या अल्लाह."

बॉल जॉइंट. चाक ज्याच्यावर वळतं तो सांधा. मला वाकवून दाखवला. आतला गोळा वाटीतून जवळजवळ बाहेर. जॅकवर चाक लोंबकळतं तेव्हा तो घट्ट बसल्यासारखा वाटतो, म्हणून काल सापडला नाही. "मॅडम, उद्या अंबाडीच्या रस्त्याला चाक..." मला शबानाचा पोटावरचा हात दिसला.

इक्बालभाईंनी विचारलं, "चाचा, समजलं कसं?" बाबांना ऐकू गेलं नाही. मी कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी हात फडक्याला पुसले.

"शेडमध्ये सगळे लूम एकदम चालतात. कोणचा बिघडला ते कानानं काय कळणार? हात लावून बघायचा. न्हायतर अनवाणी उभं ऱ्हायचं."

रिक्षाने घरी आलो. जेवताना मी त्यांच्या हाताकडे बघत होते. आठ महिने मी या माणसाला म्हातारा, बहिरा, सांभाळायचा माणूस म्हणून वागवलं. एक प्रश्न विचारला नाही. गाडीला काय झालंय, एवढंसुद्धा सांगितलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

एसटीने शाळेत. पार्ट यायचा आहे. शबानाला सगळं सांगितलं. तिने हजेरी मांडायला घेतली, ती तशीच उघडी. मग म्हणाली, "ताई, बाबांना खायला काय आवडतं?"

घरी येऊन बाबांनाच विचारावं लागलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गाडी मिळाली. दोन्ही बाजूंचे सांधे नवे. इक्बालभाई चाचणीसाठी निघाले, तेव्हा पुढची सीट बाबांना दिली, मी मागे. कल्याण रस्त्याने कोनपर्यंत आणि परत. बाबांनी आपणहून चप्पल काढली. परत आल्यावर म्हणाले, "ठीक हाय." एवढंच. इक्बालभाईंनी माझ्यासमोर त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "चूक माझी होती. मॅडम बरोबर बोलत होत्या, मी मान हलवली." मग दोन्ही हातांनी बाबांचा हात धरला. असं स्वतःहून कबूल करणारी माणसं किती थोडी. ज्याने शोधलं त्याचे उपकार, आणि ज्याने मोकळ्या मनाने बघू दिलं त्याचेही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बालदिन. मुलांची भाषणं. संध्याकाळी शबाना नवऱ्यासोबत घरी आली. डब्यात तांदळाची वाफवलेली सांदणं आणि मटण. बाबांच्या पाया पडायला वाकायला लागली, त्यांनी खांदे धरून थांबवलं. "पोटात लेकरू हाय. वाकू नको."

बाबांनी चार सांदणं खाल्ली. फेब्रुवारीनंतर असं जेवताना पाहिलं नव्हतं.

ती दोघं गेल्यावर बाबा बसले होते तसेच. मग एकदम बोलायला लागले. आई कारखान्यावर डबा घेऊन यायची. आत शेडमध्ये हाक मारून उपयोग नाही. "तुझी आई दारात उभी ऱ्हायची आन् पाय आपटायची. दोनदा. एवढे लूम चालू, तरी मला तिचा पाय कळायचा. मी मागं न बघता हात धुवायला जायचो."

हसले. मग डोळे पुसले. मीही.

चाळीस वर्षांत ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मी विचारली नव्हती म्हणून.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी विहारात वंदनेला गेलो दोघं. येताना इक्बालभाईंचा फोन. एक टेम्पो आलाय, तीन गॅरेज फिरून. ड्रायव्हर म्हणतो आवाज आहे, कुणाला सापडत नाही. "चाचांना विचारा ना, एकदा येतील का? मी घ्यायला येतो."

घरी पोचल्यावर कानाशी जाऊन सांगितलं. बाबा गॅलरीत जाऊन खाली रस्त्याकडे बघू लागले.

"ती गाडी मोठी असंल," म्हणाले.

"असेल."

"न्हाय सापडलं तर?"

मी म्हटलं, "नाही सापडलं तर परत या. मी वरण-भात लावते."

"बघू," म्हणाले आणि आत गेले. आतून कानाचं मशीन असतं ते कपाट उघडल्याचा आवाज आला. काय काढतायत ते बघायला मी गेले नाही.